साठवण कोणी करायची? – जयपूरच्या निमित्ताने

साठवण हा राज्यकारभारातला फार जुना विषय आहे. जयपूर शहर सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवले. शहराजवळच्या डोंगरावर जयगड आहे. तेथे उतारावरचे पावसाचे पाणी चरांमधून आणून टाक्यांत साठवण्याची व्यवस्था आजही पाहायला मिळते. त्यांतल्या सर्वांत मोठ्या टाक्याची क्षमता साठ लाख गॅलन सांगितली जाते. राजस्थानात घरोघरीही टाके असे. म्हणजे साठवणीचा भार राजाही उचलत होता आणि गृहस्थही.

विजेच्या बाबतीत मात्र स्वतंत्र भारतातील शासनाने नागरिकाला वेगळे वचन दिले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली राज्याराज्यांत वीज मंडळे आली. राजस्थानचे मंडळ १ जुलै १९५७ रोजी स्थापन झाले. या व्यवस्थेत घरी काही साठवायचे नव्हते. बटण दाबले की वीज यावी, एवढीच अपेक्षा होती. २००० मध्ये मंडळाचे विभाजन होऊन जयपूर विद्युत वितरण निगम अस्तित्वात आले, पण ते वचन कागदावर कायम राहिले.

प्रत्यक्षात काय झाले, हे महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे त्याला 'भारनियमन' म्हणतात, जयपूरकडे 'कटौती'. हिंदी शब्द जे घडले ते सरळ सांगतो. मराठी शब्द प्रशासनाच्या सोयीचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करताना मी पाहिले की या काळात ज्याला परवडले, त्याने इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी घेतली. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी राजस्थानसह संपूर्ण उत्तर ग्रीड लागोपाठ दोनदा कोसळले, तेव्हा या खरेदीला आणखी एक कारण मिळाले. घरातली बॅटरी ही नवी कल्पना आहे असे आज बोलले जाते. आपल्या देशात ती जुनीच आहे, फक्त तिचे श्रेय कोणी घेत नव्हते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. त्यातली निम्मी हाती लागली तरी दोन पंखे आणि दोन-तीन दिवे पाच तास चालतात. थोडक्यात, शासनाने न केलेली साठवण नागरिकाने स्वतःच्या पैशाने केली.

मग छतावरची सौरऊर्जा आली. राजस्थान वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. दुपारची जादा वीज ग्रीडला द्यायची, रात्री तेवढी परत घ्यायची. ग्रीड हीच ग्राहकाची बॅटरी झाली, आणि तीही जवळजवळ फुकट. २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तीन किंवा अधिक किलोवॉटना एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते पॅनेलच्या क्षमतेवर मोजले जाते, बॅटरीवर नाही. परिणामी अनेकांना एक आश्चर्य अनुभवावे लागते. भर उन्हात वीजपुरवठा खंडित झाला की छतावरचे पॅनेलही बंद पडतात. यात यंत्राचा दोष नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. अशा वेळी घर चालू ठेवायचे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. राजस्थानात दुपारी सौरवीज मुबलक असते आणि संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत दोन तासांची साठवण असावी असा सल्ला दिला. घरगुती छतांसाठीही वितरण कंपन्यांनी तशी सक्ती करण्याचा विचार करावा, असे सुचवले. म्हणजे कालपर्यंत बॅटरी ही ग्राहकाची गरज होती, ती आज व्यवस्थेची गरज झाली आहे.

मग तिचा खर्च कोणी करायचा? २०२३ च्या केंद्रीय नियमांत सौरतासांतील दर किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांसाठी गर्दीच्या तासांतील दर किमान १० टक्के जास्त ठेवण्याची तरतूद आहे. समजा मूळ दर १०० पैसे आहे. दुपारी ८० पैशांनी वीज भरली आणि रात्री ११० पैशांची वाचवली. शिशाच्या बॅटरीत भरताना व काढताना मिळून सुमारे चतुर्थांश वीज वाया जाते. म्हणून एक युनिट मिळवायला सव्वापेक्षा जास्त युनिटे भरावी लागतात आणि त्यांची किंमत १०७ पैसे होते. फायदा तीन पैसे! लिथियम बॅटरीत नासाडी कमी असल्याने तो वीस पैशांच्या आसपास जातो, पण बॅटरीची किंमत त्यातून वसूल होणे कठीण. केवळ या फरकावर पॅनेलशिवाय बॅटरी घेणे कोणालाही परवडणार नाही.

यातून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, ग्रीडच्या सोयीसाठी नागरिकाने साठवण करावी असे वाटत असेल, तर त्याला संध्याकाळच्या विजेचे खरे मोल द्यावे. सक्ती हा उपाय नव्हे.

दुसरी, ज्याला छत नाही त्याचा विचार व्हावा. जयपूरच्या परकोट्यातील जुन्या हवेल्यांत अनेक कुटुंबे एका छताखाली राहतात. बाहेरगावी गेलेला आपला मराठी माणूसही बहुधा भाडेकरूच असतो. त्यांच्यासाठी मोहल्ल्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी सामायिक बॅटरी ठेवणे अधिक न्याय्य ठरेल.

तिसरी, जुन्या बॅटऱ्यांसंबंधी २००१ मध्ये नियम झाले, २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. तरीही शिसे उघड्यावर वितळवणारी भट्टी ज्या वस्तीत असते, तेथील मुलांच्या रक्तात ते उतरते. नियम लिहिल्याने ती भट्टी विझत नाही, तेथे कोणीतरी जाऊन पाहावे लागते.

जयगडाचे टाके कोणी भरायचे आणि कोणासाठी, हे बांधतानाच ठरलेले होते. विजेच्या टाक्याबाबत आपण ते अजून ठरवलेले नाही. तोवर ज्याच्यापाशी पैसा, त्याच्यापाशी उजेड, हाच अलिखित नियम चालू राहील.