नाव बदललं, नंबर तोच

प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा त्यातल्या गोष्टींना धड नावं देणं अवघड, हे आपल्यापैकी कुणीही सांगेल. जीवाणूशास्त्रवाल्यांची पंचाईत तर आणखी मोठी. ज्याचं बारसं करायचं तो डोळ्यांना दिसतच नाही!

१८७२ साली फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने 'बॅसिलस' ही प्रजाती मांडली. पुढे तिचं आपल्या डेस्कटॉपवरच्या 'इतर' फोल्डरसारखं झालं. आकार काडीसारखा? हवेत वाढतो? बीजाणू बनवतो? मग टाका बॅसिलसमध्ये! १९२० मध्ये डॉंक यांनी डबाबंद अन्न नासवणाऱ्या एका जीवाणूचं वर्णन केलं. तोही तिथेच गेला: बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. ग्रीक भाषेत स्टिअर म्हणजे चरबी, थर्मे म्हणजे उष्णता, फिलोस म्हणजे आवड असणारा. स्वारी खरी खुलते ती साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला.

मग आली आरएनएची तुलना. १९९१ मध्ये १६एस आरएनएचे क्रम ताडून पाहिल्यावर कळलं, की बॅसिलस हे एक घराणं नाहीच, त्यात निदान पाच वेगळे गट आहेत. शेवटी २००१ मध्ये रशियाच्या नाझिना आणि सहकाऱ्यांनी उष्णताप्रेमी गटाला वेगळं घर दिलं: जिओबॅसिलस, म्हणजे जमिनीतली काडी. जुन्या सहा जाती तिकडे गेल्या आणि तेलसाठ्यांत सापडलेल्या दोन नव्या त्यांत आल्या. नियम असा, की आडनाव बदललं तरी जातीचं नाव शक्यतो तेच राहतं. म्हणून 'स्टिअरोथर्मोफिलस' टिकलं. २०१६ मध्ये जनुकसंच तपासून यातल्याही काहींना 'पॅराजिओबॅसिलस'मध्ये हलवलं. थोडक्यात काय, रिफॅक्टरिंग चालूच आहे :)

गंमत म्हणजे हे जीवाणू थंड प्रदेशांतल्या मातीतही सर्रास सापडतात. त्यांचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात आणि वर्षानुवर्षं तग धरतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आता म्हणाल, नाव बदललं तर आपल्याला काय फरक पडतो? हॉस्पिटलची उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह नीट चालतो की नाही, हे तपासायला याच चिवट बीजाणूंची कुपी उपकरणांसोबत आत ठेवतात. १२१ अंशांच्या वाफेत ते मेले, तर बाकीचेही मेले असं धरता येतं. नंतर कुपी उबवायची. काही वाढलं, तर ती उपकरणं पेशंटपर्यंत जाता कामा नयेत. इथे चुकीचा जीवाणू वापरून चालणार नाही. म्हणून कुपीवर नावाबरोबर वाणाचा नंबरही असतो: एटीसीसी ७९५३. २००१ च्या आधीच्या कुपीवर बॅसिलस, नंतरच्या कुपीवर जिओबॅसिलस, पण नंबर तोच.

डेटाबेसवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. प्रायमरी की कधी अर्थावर बेतू नये, कारण अर्थ बदलतो. नाव म्हणजे शास्त्रज्ञांचं आजचं मत. ते उद्या सुधारणार, आणि सुधारायलाच हवं. पण ते बिनधास्त सुधारता यावं, म्हणून कुणीतरी तो मूळ वाण नंबर टाकून जपून ठेवलेला असावा लागतो.