आजीचं नुसतं नाव

मैत्रिणींनो, आपल्या वाशीमकडच्या कितीतरी आज्यांच्या जुन्या कागदांवर नुसतं नाव असतं, आडनाव नाही. गावात काही अडत नाही; परदेशी जाताना अडतं.

१८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारानं मजूर जाऊ लागले. मुंबईहून मराठी माणसंही गेली. वहीत नाव, बापाचं नाव, क्रमांक. पुढं कित्येक घरांत आजोबांचं ते एकटं नावच नातवंडांचं आडनाव झालं. आजीचं नाही हो!

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसा बंद केला. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असलं तर चालेल, असं मागाहून सांगितलं.

आता आजीला लेकीकडं दुबईला पाठवायचं, तर पासपोर्टवर आडनाव हवं. माहेरचं की सासरचं, यावर आमचं अजून एकमत नाही.