अपत्याची पोटगी आणि आयकर

विवाहविच्छेदानंतर मुलाच्या निर्वाहासाठी एका पालकाने दुसऱ्याकडे द्यावयाच्या रकमेची आयकरातील स्थिती. भारतात ही रक्कम हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम २० किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) यांखाली ठरते. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये मात्र तिला सूट देणारे कलम नाही आणि तिच्यावर नाव घेऊन कर लावणारेही नाही. या विषयातील नियम न्यायनिर्णयांतून घडले, आणि ते बहुतांशी पत्नीच्या पोटगीच्या प्रकरणांतून. मुलाच्या वाट्याचा वेगळा विचार क्वचितच झाला, ही या शाखेतील गंभीर उणीव होय. पुढील कलमांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने क्रमांक बदलले.

देणारा पालक : पोटगीची रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. ‘आयकर आयुक्त वि. सीतलदास तीरथदास’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६० चा निर्णय याचा आधार आहे. पत्नी व मुलांनी लावलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दरमहा १,५०० रुपयांचा हुकूमनामा उभयपक्षी संमतीने केला होता. मालमत्तेवर बोजा ठेवलेला नव्हता. करदात्याने १९५३-५४ साठी १,३५० व १९५४-५५ साठी १८,००० रुपये उत्पन्नातून वगळावेत अशी मागणी केली. उच्च न्यायालयाने ती मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्या. हिदायतुल्ला यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरात आहे : रक्कम करदात्याच्या हाती येण्यापूर्वीच दुसऱ्याच्या वरचढ हक्काने वळती झाली असेल, तर ती त्याचे उत्पन्नच नव्हे, हाती आल्यावर कर्तव्य म्हणून दिली असेल, तर तो उत्पन्नाचा विनियोग ठरतो, मग ते कर्तव्य न्यायालयाने लादलेले का असेना. याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून राजा बिजयसिंग दुधुरिया यांचे प्रकरण नेहमी दिले जाते. तेथे सावत्र आईच्या निर्वाहाचा बोजा न्यायालयाने इस्टेटीवर बसवला होता, म्हणून प्रिव्ही कौन्सिलने १९३३ मध्ये ती रक्कम करपात्र उत्पन्नाबाहेर ठेवली. पगारदार माणसाला हा मार्ग बहुधा खुला नसतो. मालकाने न्यायालयाच्या आदेशावरून पगारातून पोटगी परस्पर कापली, तरी कर पूर्ण पगारावरच बसतो.

व्यवहारात याचा भार मोठा आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाला महिना २०,००० रुपये देण्यासाठी, उपकर सोडला तरी, सुमारे २८,५७१ रुपये मिळवावे लागतात. न्यायालये हे काही अंशी जमेस धरतात. डॉ. कुलभूषण कुंवर प्रकरणात (१९७०) सर्वोच्च न्यायालयाने पोटगी ठरवताना आयकराची रक्कम आधी वजा करू दिली. कल्याण डे चौधरी प्रकरणात (२०१७) निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे प्रमाण योग्य मानले. त्याकडे ठोकळ मापदंड म्हणून पाहावे, पक्का नियम म्हणून नव्हे.

रक्कम कोणत्या वाटेने दिली यालाही महत्त्व आहे. जुन्या करप्रणालीत पालकाने मुलाची शिकवणी शुल्काची रक्कम शाळा-महाविद्यालयात स्वतः भरली तर कलम ८०क खाली, दोन मुलांपर्यंत आणि एकूण दीड लाखाच्या मर्यादेत, वजावट मिळू शकते. तीच रक्कम माजी जोडीदाराच्या खात्यात पोटगी म्हणून टाकली तर देणाऱ्याला काहीच मिळत नाही. अवलंबून असलेल्या मुलाच्या आरोग्यविम्याचा हप्ता कलम ८०ड मध्ये बसतो, माजी जोडीदाराचा बसत नाही. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत.

घेणारा पालक : येथील मूळ निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. प्रतापगढच्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात (१९८३) न्यायालयाने दरमहा मिळणारी पोटगी करपात्र उत्पन्न मानली आणि एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती म्हणून करमुक्त ठरवली. थकलेल्या मासिक पोटगीपोटी पुढे एकठोक रक्कम मिळाली तर काय, हा प्रश्न दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे मीनाक्षी खन्ना प्रकरणात (२०१३) आला; तीही भांडवली प्राप्तीच ठरली.

हे दोन्ही निर्णय पत्नीच्या पोटगीविषयी आहेत. मुलासाठी म्हणून येणारी मासिक रक्कम सांभाळणाऱ्या पालकाचे उत्पन्न आहे की ते पैसे केवळ त्याच्या हातून खर्च होतात, यावर एकमत नाही. कलम ५६(२)(क्ष) खाली ५०,००० रुपयांवरील विनामोबदला रक्कम करपात्र असली तरी नातेवाइकाकडून आलेली वगळली जाते. घटस्फोटानंतर माजी पती ‘नातेवाईक’ राहत नाही, पण बाप मुलाचा नातेवाईक राहतोच. म्हणून संमतीपत्रात आईची आणि मुलाची रक्कम वेगवेगळी लिहावी, मुलाची त्याच्या नावाच्या खात्यात जमा व्हावी, असा सल्ला सनदी लेखापाल देतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते आदेशातील ही एक ओळ पुढचे बरेच वाद टाळते. कुटुंब न्यायालयांच्या आदेशांत ती आवर्जून असायला हवी.

मुलाच्या नावावरील ठेवी : अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद, कलम ६४(१अ), वित्त अधिनियम, १९९२ ने आली. आईवडिलांचा विवाह टिकून असेल तर ते अधिक उत्पन्न असलेल्याच्या उत्पन्नात मिळवतात; विवाह संपला असेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न, तसेच कलम ८०प मधील अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न याला अपवाद आहे. परिणामी एकरकमी पोटगीतून मुलीच्या नावे १० लाखांची ठेव ठेवली आणि तीवर ७ टक्के दराने ७०,००० रुपये व्याज आले, तर कलम १०(३२) ची दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट वजा जाता ६८,५०० रुपये सांभाळणाऱ्या आईच्या उत्पन्नात मिळवले जातात. नव्या प्रणालीत ती १,५०० ची सूटही नाही. मुद्दल करमुक्त आणि व्याजाचा भार मात्र मूल वाढवणाऱ्यावर, ही रचना अन्यायकारक आहे. ताबा दोघांकडे विभागलेला असेल तर सांभाळ कोणाचा, हे वस्तुस्थितीवरून ठरते.

पुराव्यातील स्थान : रजनेश वि. नेहा (४ नोव्हेंबर २०२०) हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निर्णयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. त्यात आयकर विवरणपत्रेही जोडावी लागतात.

गोवा : पोर्तुगीज नागरी संहितेखालील जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न कलम ५अ नुसार पती-पत्नींत निम्मे वाटले जाते. कलम पती व पत्नी यांनाच लागू असल्याने विच्छेदानंतर ही विभागणी उरत नाही.

परदेश : अमेरिकेत अपत्याची पोटगी देणाऱ्याला वजावट नाही व घेणाऱ्याला कर नाही. ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या करारांत जोडीदाराच्या पोटगीलाही तोच नियम आहे.