हेडलाइटची काच पिवळी पडलीय? नुसतं पॉलिश करून भागत नाही

बेळगाव-निपाणी रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना ऊसाचा हंगाम सांगावा लागत नाही. मागचा लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेली ट्रॉली अचानक समोर येते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढं जाते. अशा वेळी हेडलाइटची काच पिवळी असली की ट्रॉली दिसायला उशीर होतो. अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत, जुनाट झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत साधारण २२ टक्केच उजेड पडत असल्याचं आढळलं होतं.

आपण 'काच' म्हणतो खरं, पण ती काच नसते. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते दगडाला टिकतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांना टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ संरक्षक कोट दिलेला असतो. काही वर्षांच्या उन्हानं तो कोट झिजतो, सोलतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. गाडी रोज एकाच बाजूनं उन्हात उभी राहत असेल तर एकच दिवा जास्त पिवळा दिसतो, तो त्यामुळंच.

इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात. टूथपेस्ट घासली, रबिंग मारलं, की दिवा चकचकीत होतो. पण उरलासुरला जुना कोटही त्यात निघून जातो आणि उघडं प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळं. पेट्रोल किंवा थिनरनं पुसणं तर त्याहून वाईट, त्यानं प्लास्टिकला बारीक तडे जातात.

नीट काम असं होतं : दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायची. १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकसारखं घासायचं. सुरुवातीला पिवळट दुधाळ पाणी निघतं, तो जुना कोट. मग १५०० आणि २००० नंबर. या टप्प्यावर काच पांढुरकी, धुरकट दिसते. घाबरायचं कारण नाही. धुऊन पूर्ण वाळवायची आणि त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारायचा. बारीक ओरखडे त्यात भरून निघतात. स्प्रेऐवजी पारदर्शक पीपीएफ फिल्म लावायची असेल तर आधी पॉलिशनं चकाकी आणावी लागते. फिल्म महाग पडते, पण खडीचा मारही थोडाफार झेलते. गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा : "घासल्यावर वर काय मारणार?" उत्तर नुसतं 'पॉलिश' असेल तर दुसरीकडं बघा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोट नीट बसत नाही. दसऱ्यानंतर, ऊसाच्या गाड्या वाढायच्या आधी, हे काम उरकलेलं बरं.

पिवळेपणा आतून असेल, आत पाणी साठत असेल किंवा तडा गेला असेल तर वॉटर पेपरचा उपयोग नाही, पूर्ण हेडलाइटच बदलावी लागते. स्वस्त डुप्लिकेट घेताना एवढं ध्यानात ठेवा, त्यावरचा कोट हलका असला की ती लवकरच पिवळी पडते.

रस्त्याचा मार वेगळाच. महामार्गाचं काम जिथं सुरू असेल तिथल्या डायव्हर्जनवर सुटी खडी असते. टिप्परच्या मागं चिकटून जाऊ नका, उडालेल्या खड्याचा खोल खड्डा घासून जात नाही. खानापूर, चोर्ल्याकडून आलेल्या गाडीवर तांबडी माती बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसली की तीच पॉलिश पेपरचं काम करते! आधी भरपूर पाणी मारा, मग मऊ कापड. मेलेले किडे ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून सोडवायचे, नखानं खरवडायचे नाहीत.

उजेड कमी वाटला म्हणून जादा वॅटचा बल्ब बसवायची सवय आपल्याकडं जुनी आहे. एच४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो. १०० वॅटचा घातला तर उष्णतेनं रिफ्लेक्टर आणि काच दोन्ही खराब होतात, वायरिंगवर ताण येतो. शिवाय धुरकट काचेतून उजेड फाकतो, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो.