खोल्यांचे गणित

मुंबईचा इतिहास म्हटला की आपल्याला बंदर, गोदी नि गिरण्यांची धुराडी आठवतात. त्याच शहरात एखादे मूल पहिला वाढदिवस पाहणार की नाही, हे आईबापांकडे खोल्या किती यावर ठरत होते. ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. फराळाच्या ताटाशेजारी असले आकडे मांडू नयेत, हे मला कळते. पण शाळेत गणित शिकवणाऱ्याची खोड जात नाही.

साल १९२१. नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुले अशी : चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२, आणि एका खोलीत ८२८! शेवटचा आकडा थोडा फुगलेला आहे, हे सांगितले पाहिजे. कोकणातल्या, घाटावरच्या बाया बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे होई. तान्हे घेऊन त्या परतल्या की मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. ही वजाबाकी केली तरी दरी काही बुजत नाही.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. तिथली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने शिरली. मलबार हिलला समुद्राचा वारा. परळला गिरणीचा धूर, सामाईक नळ, नि दिवसाही अंधारी खोली. आई कामावर गेली की बाळाने रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. गुंगीतले मूल भुकेलाही उठत नसे. त्या आईला दोष देणाऱ्यांना मी विचारतो, पोराला ठेवायचे कुणाकडे?

ट्रस्टच्याच परळच्या चाळीत डॉ. आंबेडकरांनी संसाराची कितीतरी वर्षे काढली. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैत. त्यात चाळीचा वाटा किती, हे कोण सांगणार? पण बॅरिस्टराच्या घरी ही कथा, तर गिरणीत कांड्या भरणाऱ्या बाईची काय असेल!

१९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. कामगार बाईला बाळाजवळ थोडे आठवडे मिळाले. त्याआधीच डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, शिवडी नि डिलाईल रोडला काँक्रीटच्या चाळी उठवल्या होत्या. तिथेही कुटुंबाच्या वाट्याला आली ती खोली एकच, सुमारे १६० चौरस फुटांची.