युरोपीय ईल : संख्येतील घट

युरोपीय ईल (अँग्विला अँग्विला) हा सापासारख्या लांबट शरीराचा मासा आयुष्याचा बहुतेक काळ युरोप व उत्तर आफ्रिकेतील नद्या, तळी आणि खाड्यांत काढतो. अंडी घालण्यासाठी मात्र तो पाच-सहा हजार किमी. दूर, अटलांटिकमधील सारगासो समुद्राकडे जातो. सर्वांत लहान डिंभ कुठे सापडतात याचा वर्षानुवर्षे माग काढून डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी हे ठिकाण ठरवले. तिथे अंडी घालताना हा ईल अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. घटीच्या कारणांवरचे मतभेद मिटत नाहीत ते बरेचसे यामुळेच.

किनाऱ्याला लागणारी पिल्ले, म्हणजे ‘ग्लास ईल’, जेमतेम सात सेंमी. लांब आणि पारदर्शक असतात. काळे डोळे तेवढे उठून दिसतात. 1980 च्या सुमारास त्यांची आवक कोसळली. 1960–79 च्या सरासरीशी ताडता अलीकडे उत्तर समुद्रात ती एक टक्क्याच्या आसपास, तर इतरत्र दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

सागरी प्रवाह व हवामानातील बदलांमुळे डिंभ भरकटत किंवा उपाशी मरत असावेत, असा एक तर्क आहे. तो खोडून काढता येत नाही. पण नद्यांमध्ये माणसाने केलेले नुकसान त्याने झाकलेही जात नाही. बंधाऱ्यांनी वरच्या पाणवठ्यांची वाट अडवली. समुद्राकडे परतणारे प्रौढ ईल जलविद्युत केंद्रांच्या टर्बाइनमध्ये सापडतात. लांबट शरीरामुळे पात्यांचा घाव चुकणे अवघड. पीसीबीसारखी प्रदूषके त्यांच्या चरबीत साठतात, आणि परतीच्या प्रवासात ईल काहीही खात नसल्याने ही चरबीच त्याची शिदोरी असते. 1980 च्या दशकात आशियातून जिवंत ईलांबरोबर आलेला एक सूत्रकृमी वाताशयात शिरून रक्त शोषतो. वाताशय जाड व निकामी झालेला मासा खोल समुद्रातला हा पल्ला कितपत गाठेल, ही शंकाच आहे.

मासेमारीचा वाटाही मोठा. व्यापारी प्रमाणावर ईलची पैदास अजून साधलेली नाही, त्यामुळे संवर्धन तळ्यांत वाढणारी पिल्लेही निसर्गातूनच पकडलेली असतात. युरोपीय संघाने 2010 च्या अखेरीस निर्यात थांबवली. पूर्व आशियाकडे तस्करी चालूच राहिली.

आययूसीएनने 2008 मध्ये ही जाती अतिसंकटग्रस्त ठरवली. आयसीईएस ही समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद 2021 पासून ईलची पकड शून्यावर आणण्याचा सल्ला देत आहे. तरीही अनेक देशांत ठरावीक हंगामात परवान्याने मासेमारी होते.