धुरांड्यावरचं ‘गॉर्डन’

जाऊया इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, किंग्जनॉर्थच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात. ऑक्टोबर २००७. ग्रीनपीसचे कार्यकर्ते २०० मीटर उंच धुरांड्यावर चढले आणि पंतप्रधानांचं नाव रंगवलं: ‘गॉर्डन’. पुढे ‘हे बंद कर’ अशा अर्थाचं काही यायचं होतं, पण कोर्टाचा मनाईहुकूम आधी पोचला! रंग काढायला हजारो पौंड लागले. सहा जणांवर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला उभा राहिला.

रंगवलं हे त्यांनी नाकारलंच नाही. १९७१ च्या कायद्यात ‘कायदेशीर सबब’ आहे. दुसऱ्याची मालमत्ता वाचवायला तातडीनं हे करणं भाग आहे असं प्रामाणिकपणे वाटलं, तर गुन्हा नाही. ते वाटणं बरोबर होतं का, हे कायदा विचारत नाही. शेजाऱ्याकडे आग दिसली म्हणून दार फोडलं, तसं.

पण मेख आहे. १९७७ च्या एका खटल्यात, वृद्धांच्या निवासातली आगीची घंटा बिघडलीय हे दाखवायला एकानं चक्क बिछाना पेटवला. हेतू चांगला, तरी दोषी! पेटवण्यानं काही वाचत नव्हतं, फक्त लक्ष वेधलं जात होतं.

मग रंगानं काय वाचलं? मला हाच प्रश्न सगळ्यात अवघड वाटतो. बचाव असा, की केंद्र बंद पाडून धूर थांबवायचा होता, कारण त्यानं जगभरची मालमत्ता धोक्यात येतेय. नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन साक्षीला आले. सप्टेंबर २००८ मध्ये मेडस्टोनच्या ज्यूरीनं सहाही जणांना सोडलं. ज्यूरी कारणं देत नाही. १९७७ ची मेख त्यांनी कशी ओलांडली, ते त्यांनाच ठाऊक.